बर्वे म्हणतो, बर्वे म्हणते, बर्वे म्हणतात : वेश, क्रियापद आणि लिंगभाव

१

सतीश आळेकर यांच्या ‘बेगम बर्वे’ या नाटकावरील उत्तरपत्रिका तपासताना एक गोष्ट वर्षानुवर्षे नजरेस येत राहिली. बर्वे या पात्राविषयी लिहिताना विद्यार्थी एकाच उत्तरात, पुष्कळदा एकाच परिच्छेदात, तीन प्रकारची क्रियापदे वापरतात. आरंभी ‘बर्वे उदबत्त्या विकतो’ असे असते. नाटकातील स्वप्नव्यवहार सुरू झाला की ‘बर्वे जावडेकरशी लग्न करते’ असे होते. आणि शेवटाकडे, बहुधा पात्राविषयी कणव दाटून आल्यामुळे, ‘बर्वे एकटे पडतात’ असे लिहिले जाते. हे विद्यार्थी उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यातले. कोणाच्या घरी सिंधी, कोणाच्या घरी हिंदी, कोणाच्या घरी आगरी बोली. प्रमाण मराठीची क्रियापदे त्यांनी बहुतांशी शाळेत कमावलेली आहेत. त्यामुळे ही विसंगती भाषिक कच्चेपणाची खूण आहे, असे समजून मी ती बरीच वर्षे लाल शाईने अधोरेखित करीत आलो. पुढे लक्षात आले की ज्यांचे मराठी निर्दोष आहे त्यांच्याही हातून हेच घडते. तेव्हा ही अडचण विद्यार्थ्यांची नसून मराठी समीक्षेची आहे, असे मानणे भाग पडले.

प्रस्तुत लेख या अडचणीचा इतिहास शोधण्याचा प्रयत्न आहे. पुरुष आणि स्त्री या द्विभाजनात न मावणारा देह, न मावणारा स्वर मराठी कलाव्यवहारात नवा नाही. भक्तिकाव्य, तमाशा, संगीत नाटक, आधुनिक नाटक, कादंबरी, चित्रपट आणि अलीकडची दृश्यकला या सर्वांत तो आहे. परंतु त्याला जागा देताना समाजाने काही अटी घातल्या. त्या अटी कोणत्या हे पाहण्यासाठी वेश आणि क्रियापद ही दोन चिन्हे येथे वेगळी केली आहेत. वेश अंगावर चढवता येतो आणि उतरवता येतो. क्रियापद बोलणाऱ्याच्या तोंडून दिवसातून शेकडो वेळा निघते आणि ते उतरवून ठेवण्याची सोय नसते. माझे प्रतिपादन असे की, मराठी समाजाने वेशाच्या पातळीवर विपुल उदारता दाखवली, पण वेश उतरल्यानंतर त्या व्यक्तीविषयी कोणते क्रियापद वापरायचे, आणि मुख्य म्हणजे एकवचनी वापरायचे की आदरार्थी, हे त्या व्यक्तीच्या सामाजिक स्थानावरून ठरवले.

या विषयावरील लेखनाचा आरंभ अर्धनारीनटेश्वरापासून करण्याचा प्रघात आहे. शके ९८२ चा, म्हणजे इ.स. १०६० चा शिलालेख असलेले अंबरनाथचे शिवालय इतके जवळ असताना आणि घारापुरीच्या लेण्यातील अर्धनारीची भव्य मूर्ती याच उत्तर कोकणात असताना तो मोह मलाही होतो. तरीही तो आवरला पाहिजे. देवतेच्या देहातील लिंगसंयोग ही तत्त्वचिंतनाची प्रतिमा आहे. तिच्या पूजेतून माणसांविषयीची सहिष्णुता आपोआप सिद्ध होत नाही. अर्धनारीला हात जोडणारा समाज लोकलच्या डब्यात टाळी ऐकताच मान वळवतो, हे आपण रोज पाहतो. म्हणून दगडापासून नव्हे, भाषेपासून आरंभ करू.

२

दादोबा पांडुरंग तर्खडकर यांचे मराठी व्याकरण १८३६ मध्ये प्रसिद्ध झाले. तेव्हापासून शाळेतले प्रत्येक मूल पुल्लिंग, स्त्रीलिंग, नपुंसकलिंग ही त्रयी पाठ करीत आले आहे. हिंदी आणि सिंधी या शेजारच्या भाषांत दोनच लिंगे उरली. मराठीने, कोकणी आणि गुजरातीप्रमाणे, तिन्ही जपली. यावरून मराठीत तिसऱ्याला आयतीच जागा आहे, असा कोणाचाही समज व्हावा. प्रत्यक्षात नपुंसकलिंग हे प्रौढ माणसाचे घर नाही. ‘ते मूल’, ‘ते लेकरू’ येथे ते वात्सल्याचे असते. ‘ते ध्यान’, ‘ते येडे’ येथे अवहेलनेचे. प्रौढ व्यक्तीविषयी नपुंसकलिंगी क्रियापद वापरणे म्हणजे तिला एकतर बाल करणे किंवा वस्तू करणे. ‘हिजडा’ या पुल्लिंगी शब्दाचे ‘हिजडे’ असे नपुंसक एकवचन केले की शिवी अधिक तीक्ष्ण होते, हे भाषकांना ठाऊक असते.

दुसरी गोष्ट उत्तम पुरुषाची. इंग्रजी बोलणाऱ्याला ‘मी’ म्हणताना आपले लिंग सांगावे लागत नाही. मराठीत ‘मी जातो’ किंवा ‘मी जाते’, ‘मी आलो’ किंवा ‘मी आले’ यांतून निवड करावीच लागते. जुडिथ बटलर यांनी १९९० च्या ‘जेंडर ट्रबल’ या ग्रंथात लिंगभाव हा एखाद्या अंतस्थ सत्त्वाचा आविष्कार नसून कृतींच्या पुनरावृत्तीतून घडत जातो, अशी मांडणी केली. मराठी भाषकाला ती समजून घेण्यासाठी फार दूर जावे लागू नये. आपल्याकडे ही पुनरावृत्ती प्रत्ययांत बांधलेली आहे. तो प्रत्ययही नैसर्गिक नाही. कोल्हापूरकडच्या मुली सहज ‘मी जातो’, ‘मी येतो’ म्हणतात आणि त्यामुळे त्यांच्या स्त्रीत्वाला बाध येत नाही. प्रमाण मराठीने ज्याला देहाचे लक्षण मानले ते एका बोलीत निव्वळ बोलण्याची पद्धत आहे.

परंतु व्याकरणात अटकाव आहे तशा वाटाही आहेत. ‘मी आहे’ या वाक्याला लिंग नाही. ‘मी होतो’ आणि ‘मी होते’ यांना आहे. ‘मी जाईन’ या भविष्यकाळाला लिंग नाही. ‘मी भाकरी केली’ या कर्मणी प्रयोगात लिंगाचा भार भाकरीवर पडतो, कर्ता मोकळा राहतो. ‘मला वाटते’, ‘मला जायचे आहे’ या रचनांत बोलणाऱ्याचे लिंग कळत नाही. ‘आम्ही गेलो’ हे स्त्रियाही म्हणतात, पुरुषही म्हणतात. आणि तृतीय पुरुषात, वर्तमानकाळी आदरार्थी बहुवचनात, म्हणजे ‘बाई म्हणतात’, ‘नारायणराव म्हणतात’ येथे, क्रियापद लिंग सांगत नाही. ‘त्यांनी’, ‘त्यांना’, ‘त्यांचे’ ही रूपेही सांगत नाहीत. इंग्रजीत अलीकडे एका व्यक्तीसाठी अनेकवचनी सर्वनाम वापरण्याचा आग्रह धरला जातो आणि आपल्याकडे त्याची थट्टा होते. पण एका व्यक्तीला अनेकवचन देणे मराठीला नवे नाही. फक्त ते आपण आदराच्या खात्यावर टाकतो. मराठीत आदर आणि लिंगनिरपेक्षता यांचा असा रचनागत संबंध आहे. मग हा आदर इतिहासात कोणाला मिळाला, हा प्रश्न केवळ शिष्टाचाराचा राहत नाही.

३

वेशाशिवाय क्रियापद बदलण्याची परंपरा भक्तिकाव्याने रूढ केली. ज्ञानेश्वरांच्या नावावरील विरहिणी, एकनाथांच्या गौळणी यांत पुरुष कवी स्त्रीच्या क्रियापदांनी बोलतो. हे केवळ पात्राच्या तोंडचे बोलणे आहे, असे म्हणून त्याची बोळवण करता येत नाही, कारण अखेरच्या चरणातील नाममुद्रा पुरुषाची असते. एकाच रचनेत गोपीचे क्रियापद आणि पुरुषाचे नाव शेजारी नांदतात आणि कीर्तनाच्या श्रोत्याला त्यात काहीही विपरीत वाटत नाही. याची दुसरी बाजू म्हणजे पंढरीच्या पुरुषदेवाला ‘माउली’ म्हणणे.

या पट्ट्यात शिकवणाऱ्याला येथे आणखी एक परंपरा आठवते. फाळणीनंतर कल्याणच्या लष्करी छावणीत सिंधी निर्वासित आले आणि १९४९ मध्ये त्या वसाहतीला उल्हासनगर हे नाव मिळाले. हे लोक बरोबर जे आणू शकले त्यात शाह अब्दुल लतीफ यांचे काव्य होते. अठराव्या शतकातील या सूफी कवीच्या ‘शाह जो रिसालो’मध्ये ससुई, मारुई, मूमल, सुहिणी अशा नायिका जिवाची तळमळ बोलून दाखवतात. भिटशाह येथील दर्ग्यात पुरुष फकीर ही पदे गाताना खर्जातून एकदम चढ्या, कृत्रिम बारीक स्वरात जातात; तो स्वर नायिकेचा मानला जातो. एकाच कंठात दोन स्वर नांदणे ही तेथे उपासनेची रीत आहे. विरहिणी शिकवताना सिंधी घरातल्या विद्यार्थ्याला जी गोष्ट लगेच उमगते आणि मराठी घरातल्या विद्यार्थ्याला समजावून द्यावी लागते, ती ही आहे. आपली परंपरा आपल्याला पोथीतली वाटते. त्याची त्याने आजोबांच्या तोंडून ऐकलेली असते.

भक्तीतील हे स्त्रीक्रियापद सहसा काव्यापुरते राहिले. ती सीमा ओलांडणारे ठळक उदाहरण विदर्भातील गुलाबराव महाराजांचे (१८८१–१९१५). बालपणीच दृष्टी गेलेल्या या विद्वान संताने स्वतःला ज्ञानेश्वरकन्या आणि कृष्णपत्नी मानले. मधुराद्वैताची तात्त्विक मांडणी करतानाच कुंकू, मंगळसूत्र, स्त्रीवेश ही चिन्हेही धारण केली. ते विवाहित होते, ग्रंथकार होते, आणि त्यांचा गौरव ‘प्रज्ञाचक्षू’ म्हणून झाला. येथे वेश आहे आणि रंगमंच नाही. तरीही समाजाने तो स्वीकारला, कारण वेशाचा अर्थ ईश्वराशी असलेल्या नात्यातून लावण्याची सोय होती. त्यांच्याविषयी लिहिणारे मराठी चरित्रकार ‘महाराज म्हणतात’ असे आदरार्थी बहुवचन वापरतात आणि प्रश्न तेथेच मिटतो. सीमा ओलांडणाऱ्याला आदरार्थी क्रियापद देणे मराठीला जमत नाही, असे नाही. ते जमते, याचा हा पुरावा आहे.

४

संगीत नाटकात वेशाला पूर्ण मोकळीक मिळाली. १८४३ मध्ये सांगलीत विष्णुदास भाव्यांनी केलेल्या ‘सीतास्वयंवरा’पासून स्त्रीभूमिका पुरुषच करीत आले. १८८० मध्ये किर्लोस्करांचे ‘शाकुंतल’ आले, भाऊराव कोल्हटकरांनी आपल्या गळ्याने शकुंतला उभी केली, आणि पुढे नारायण श्रीपाद राजहंस (१८८८–१९६७) म्हणजेच बालगंधर्व यांनी स्त्रीभूमिकेला अभिरुचीचा मानदंड बनवले. ‘मानापमाना’तील भामिनी (१९११), ‘स्वयंवरा’तील रुक्मिणी (१९१६), ‘एकच प्याल्या’तील सिंधू (१९१९) यांच्या लुगड्याचे, दागिन्यांचे, चालण्याबोलण्याचे अनुकरण कुलीन घरांतील स्त्रियांनी केले. स्त्रीत्वाचा आदर्श एका पुरुषदेहाने सिद्ध करावा आणि स्त्रियांनी तो गिरवावा, ही घटना लिंगभावाच्या अभ्यासकाला चकित करणारी आहे.

या आदर्शाचे आणखी एक उगमस्थान चित्रकलेत आहे. राजा रविवर्मा यांनी पौराणिक नायिकांना नऊवारी लुगडे नेसवले आणि १८९४ मध्ये मुंबईत सुरू होऊन पुढे मळवलीला गेलेल्या त्यांच्या छापखान्याने त्या प्रतिमा घराघरांत पोचवल्या. पदर सावरण्याची, मान कलती ठेवण्याची, हात हनुवटीला टेकवण्याची जी मुद्राभाषा शिळाप्रेसच्या रंगीत चित्रांत दिसते तीच रंगमंचावरही होती. चित्रातील स्त्री आणि रंगमंचावरील स्त्री ही दोन्ही रूपे पुरुषांनी घडवलेली होती, हे वेगळे सांगायला नको. हा धागा लेखाच्या अखेरीस पुन्हा हाती घ्यायचा आहे.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. आजच्या संज्ञा मागे नेऊन बालगंधर्वांना पारलिंगी पूर्वज ठरवण्याचा मोह होतो. त्याला आधार नाही. ते गृहस्थ होते, पिता होते. ‘मानापमाना’च्या पहिल्या प्रयोगाच्या दिवशी त्यांची मुलगी वारली आणि तरीही त्यांनी भामिनी केली, ही हकिकत मराठी रसिकाच्या स्मरणात आहे. या हकिकतीचा आशयच असा की पडद्यामागे दुःखी पिता आणि पडद्यापुढे प्रसन्न भामिनी, असे दोन देह रसिक एकाच वेळी पाहू शकत होता. वेश केवढाही परिपूर्ण असो, त्याखाली नारायणराव आहेत ही खात्री रसिकाच्या आनंदाला आवश्यक होती. ‘स्त्री-पार्टी’ हा धंद्यातला शब्दही हेच सांगतो. पार्टी म्हणजे वाट्याला आलेले काम, ते संपले की नट मोकळा.

याच काळात कायदा काय म्हणत होता? १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याचा दुसरा भाग ज्यांना तो ‘युनक’ म्हणतो त्यांच्याविषयी होता. अशा नोंदलेल्या व्यक्तीने सार्वजनिक रस्त्यावर दिसेल असा स्त्रीवेश किंवा स्त्रीचे अलंकार धारण करणे, मोबदला घेऊन गाणेनाचणे हा वॉरंटाविना अटकेस पात्र गुन्हा ठरला आणि त्याला दोन वर्षांपर्यंत कैद ठेवली गेली. हा भाग मुख्यतः उत्तर हिंदुस्थानात राबवला गेला. किर्लोस्कर मंडळींचा त्याच्याशी संबंध नव्हता. तरीही हा समकाल अर्थपूर्ण आहे. लुगडे नेसून पैसे घेऊन गाणे ही एकच कृती. तिकीटविक्रीच्या खिडकीआड ती कला होती आणि रस्त्यावर गुन्हा. फरक असा की नाटकगृहात वेश उतरण्याची हमी होती.

मराठी मुलखात ही तफावत कायद्यापेक्षा जातीच्या आणि प्रतिष्ठेच्या उतरंडीने सांभाळली. तमाशातील नाच्या पोर संगीत नाटकाहून जुना. गवळणीतील मावशी आजही पुरुषच करतो. नाच्याचे कसब हेही कसबच होते. परंतु संगीत नाटकातला स्त्री-पार्टी नट घरी ‘नारायणराव’ राहिला आणि तमाशातला नाच्या फडाबाहेरही नाच्याच राहिला. पहिल्याला आदरार्थी बहुवचन मिळाले, दुसऱ्याला एकवचन, तेही पुष्कळदा नपुंसकलिंगी. मराठी चित्रपटात नाच्याची भूमिका अजरामर करणारे गणपत पाटील हे प्रपंच करणारे गृहस्थ होते. तरी पडद्यावरचे बायकी हावभाव लोकांनी त्यांच्या प्रत्यक्ष आयुष्याला चिकटवले आणि त्याची झळ त्यांच्या घरापर्यंत पोचली. अभिनयाचे श्रेय बालगंधर्वांना मिळते, स्वभावाचा आरोप नाच्यावर होतो. दोन्ही ठिकाणी देह एकच गोष्ट करीत असतो.

५

१९३३ मध्ये ‘नाट्यमन्वंतर’च्या ‘आंधळ्यांची शाळा’त ज्योत्स्ना भोळे आणि पद्मावती वर्तक उभ्या राहिल्या आणि स्त्रीभूमिका स्त्रियांकडे जाण्याचा मार्ग प्रशस्त झाला. १९३५ च्या ‘धर्मात्मा’ या प्रभातच्या चित्रपटात बालगंधर्वांनी एकनाथांची पुरुषभूमिका केली. स्त्री-पार्टीचा धंदा ओसरत गेला. मग त्या धंद्यातल्या किरकोळ नटांचे, ज्यांच्या वाट्याला कधी भामिनी आली नाही त्यांचे, काय झाले? इतिहासाने न विचारलेला हा प्रश्न १९७९ मध्ये पुण्याच्या थिएटर अकॅडमीने सादर केलेल्या ‘बेगम बर्वे’ने विचारला. चंद्रकांत काळे यांनी केलेला बर्वे हा अशा नटांतला. आता तो उदबत्त्या विकतो आणि टांगेवाल्या श्यामरावच्या मुठीत जगतो. जावडेकर आणि बावडेकर या कारकुनांच्या खोलीत तो जावडेकरच्या मनातली नलावडेबाई होऊन येतो, लग्न होते, डोहाळे लागतात, नाट्यपदे गायली जातात. अखेर श्यामराव हे सारे मोडून टाकतो.

या नाटकाचे वाचन बहुधा स्वप्नरंजनाचे विडंबन, मध्यमवर्गीय स्मरणरंजनाची चिकित्सा असे झाले. ते चूक नाही, परंतु अपुरे आहे. वेश उतरण्याची जी हमी संगीत रंगभूमीच्या रसिकाला हवी होती ती येथे रद्द होते, हे अधिक मूलगामी आहे. बर्व्याला नलावडेबाईतून परत यायचे नाही. आणि तो जे मागतो ते रंगमंचावरील टाळ्या नव्हेत. संसार, कूस, मूल ही घरातली चिन्हे आहेत. स्त्रीचे सौंदर्य धारण करणारा पुरुषदेह मराठी रसिकाला हवा होता; स्त्रीचे घर मागणारा नको होता. श्यामरावची हिंसा या नकाराची आहे. विद्यार्थ्यांची क्रियापदे याच ठिकाणी डगमगतात, यात नवल नाही. संहितेनेच तेथे पायाखालची फळी काढून घेतलेली असते.

दोन वर्षांनी आलेल्या विजय तेंडुलकरांच्या ‘मित्राची गोष्ट’ (१९८१) मध्येही आरंभ वेशापासून होतो. सुमित्रा महाविद्यालयीन नाटकात पुरुषाची भूमिका करते आणि नमाविषयीच्या तिच्या ओढीला तेथे वाचा फुटते. रोहिणी हट्टंगडी यांनी केलेल्या या पात्राला सर्वजण ‘मित्रा’ म्हणतात. नाव आपले लिंग गमावते, पण गोष्ट बापू सांगतो. निवेदनाचा अधिकार एका सहृदय पुरुषाकडे राहतो आणि अखेर मित्राच्या मृत्यूची असते. सहानुभूतीचे हे रूप त्या काळात धाडसी होते. मात्र तृतीय पुरुषाच्या बाहेर ते पडले नाही.

ग्रामीण वास्तवाने या चर्चेला निराळे वळण दिले. राजन गवस यांच्या ‘चौंडकं’ (१९८५) आणि ‘भंडारभोग’ (१९८८) या कादंबऱ्यांनी यल्लम्माच्या नावे सोडलेल्या जोगतिणी-जोगत्यांचे जग मांडले. डोक्यात जट आली म्हणून मुलीला, अंगावर देवीचे लक्षण दिसले म्हणून मुलाला देवीला वाहिले जाते. मुलाच्या अंगावर लुगडे येते ते त्याला विचारून नव्हे. लिंगभावाचे उल्लंघन म्हणजे मुक्ती, असे सोपे समीकरण मांडणाऱ्याने हे वाचले पाहिजे. गुलाबराव महाराजांचे लुगडे आणि जोगत्याचे लुगडे दोन्ही भक्तीच्या नावाने आलेले आहेत. एक स्वेच्छेचे व सन्मानाचे, दुसरे सक्तीचे व दारिद्र्याचे. याच कादंबऱ्यांवर आधारलेल्या ‘जोगवा’ (२००९) मधील तायाप्पासाठी उपेंद्र लिमये यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. आनंद यादव यांच्या ‘नटरंग’ (१९७८) वर रवी जाधव यांनी २०१० मध्ये चित्रपट केला. रांगड्या देहाच्या गुणाला फडासाठी नाच्या व्हावे लागते आणि समाज त्याच्यावर त्या भूमिकेचा सूड उगवतो, ही कथा. अतुल कुलकर्णी यांनी भूमिकेसाठी शरीर कसे कमावले व उतरवले याची चर्चा कथेइतकीच झाली. म्हणजे ज्या हमीची शोकांतिका चित्रपट सांगतो, तीच हमी प्रसिद्धीतून प्रेक्षकाला पुन्हा दिली गेली: घाबरू नका, आत पुरुषच आहे.

६

या इतिहासात निर्णायक बदल होतो तो सीमा ओलांडणारी व्यक्ती स्वतःच चित्राची आणि वाक्याची कर्ता होते तेव्हा. तेजल शाह यांनी २००६ मध्ये केलेली ‘हिजडा फँटसी’ ही छायाचित्रमालिका याचे लक्षणीय उदाहरण आहे. हिजडा मैत्रिणींना स्वतःला कोणत्या रूपात पाहायला आवडेल हे विचारून त्यांच्या इच्छेप्रमाणे ही चित्रे रचली गेली. त्यांतील एका चित्रात हिजडा व्यक्ती यशोदा होऊन बाळकृष्णासह बसली आहे, आणि रचना रविवर्म्याच्या यशोदाकृष्णाची आहे. जी मुद्राभाषा रविवर्म्याकडून कॅलेंडरवर गेली आणि जिच्यावर बालगंधर्वांचे स्त्रीत्व पोसले गेले, तिच्यावरच येथे हक्क सांगितला आहे. नेपथ्य, रंग, अलंकार सारे हेतुतः चित्रशाळेतले, उघडपणे कृत्रिम. मात्र वेशाखालच्या पुरुषाची हमी येथे नाही, आणि श्यामरावही नाही. बर्व्याला जे मूल नाकारले गेले ते या मांडीवर आहे. रंगमंचावर विडंबन ठरलेली मागणी येथे प्रतिमेच्या प्रतिष्ठेने उभी आहे. ‘बेगम बर्वे’ शिकवताना हे छायाचित्र शेजारी ठेवले, तर नाटकाचे डोहाळे हास्यास्पद वाटेनासे होतात, असा माझा अनुभव आहे.

१५ एप्रिल २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ‘नालसा’ खटल्याच्या निकालात आपले लिंग स्वतः ठरवण्याचा अधिकार मान्य केला. त्याच्या दोन वर्षे आधी लक्ष्मी नारायण त्रिपाठी यांचे आत्मकथन वैशाली रोडे यांच्या शब्दांकनातून मराठीत आले होते. त्याचे शीर्षक ‘मी हिजडा... मी लक्ष्मी!’. या शीर्षकात दोन वेळा ‘मी’ आहे, एक पुल्लिंगी नाम आहे, एक स्त्रीचे विशेषनाम आहे, आणि क्रियापद नाही. आत्मकथन हा भूतकाळाचा वाङ्मयप्रकार असल्याने ‘होतो’ आणि ‘होते’ यांतील निवड त्याला पानोपानी करावी लागते. शीर्षक मात्र त्या निवडीच्या अलीकडे उभे आहे. दिशा पिंकी शेख यांनी आपल्या कवितासंग्रहाला ‘कुरूप’ हे नाव दिले. मुलगा कुरूप, मुलगी कुरूप, मूल कुरूप: विशेषण बदलत नाही. समाजाने दिलेला शब्द उचलून त्याचेच शीर्षक करण्याची ही रीत दलित कवितेने मराठीला शिकवली. नाममुद्रेत स्त्रीनाम आणि मुस्लिम आडनाव एकत्र नांदतात, तेव्हा लिंग, धर्म, जात यांचे प्रश्न सुटे करून वाचण्याची समीक्षेची सवय अपुरी पडते.

संज्ञांचाही विचार या संदर्भात झाला पाहिजे. ‘तृतीयपंथी’ हा सभ्य मानला गेलेला शब्द लिंगभावाला पंथ ठरवतो, जणू तो महानुभाव किंवा नाथ यांसारखा दीक्षेने स्वीकारायचा मार्ग आहे. ‘पारलिंगी’ या शब्दात ओलांडण्याची क्रिया आहे, पण जे पार होत नाहीत, मध्येच राहू इच्छितात, त्यांचे काय हे तो सांगत नाही. नाम कोणतेही घेतले तरी प्रश्न अखेर वाक्यापाशी येतो.

मागे वळून पाहताना मला स्वतःची एक चूक नोंदवली पाहिजे. काही वर्षांपूर्वी एका विद्यार्थ्याच्या (हा शब्दही मला आता पुरेसा वाटत नाही) निबंधात ‘मला वाटते’, ‘माझ्या वाचनात आले’, ‘मला जाणवले’ या रचनांची इतकी गर्दी होती की मी समासात ‘शैली एकसुरी’ असा शेरा दिला. ‘मी म्हणतो’ किंवा ‘मी म्हणते’ असे एकही वाक्य त्या पंचवीस पानांत नव्हते, हे माझ्या लक्षात आले तेव्हा वर्ग संपून गेले होते. ज्याला मी एकसुरेपणा म्हटले ते भाषेत उभे राहण्यासाठी केलेले कष्टाचे बांधकाम होते. प्रत्येक वाक्याशी थांबून, मराठीने कोठे दार उघडे ठेवले आहे हे चाचपून ते लिहिलेले होते. भाषेचा अध्यापक म्हणून ते मला प्रथम वाचता यायला हवे होते.

म्हणून आरंभीच्या प्रश्नाकडे परतताना मी विद्यार्थ्यांच्या तिसऱ्या क्रियापदाचा पक्ष घेतो. ‘बर्वे म्हणतात’ हे रूप कणवेपोटी आले असेल, पण ते व्याकरणाने शुद्ध आणि इतिहासाने न्याय्य आहे. ते पात्राला पुरुष ठरवत नाही, स्त्री ठरवत नाही, बाल किंवा वस्तूही करीत नाही. नारायणरावांना आणि गुलाबराव महाराजांना जे विनासायास मिळाले आणि नाच्याला, जोगत्याला, उदबत्त्या विकणाऱ्या नटाला जे कोणी दिले नाही, ते आदरार्थी बहुवचन समीक्षेने आता देऊ करावे. याने प्रश्न सुटतो असा दावा नाही. उत्तम पुरुषाचे क्रियापद ज्याचे त्यालाच निवडावे लागेल, आणि तृतीय पुरुषाचेही ज्याच्याविषयी बोलायचे त्याला विचारूनच वापरावे लागेल. नाटकातल्या पात्राला विचारता येत नाही. वर्गात समोर बसलेल्या व्यक्तीला विचारता येते. यंदाच्या उत्तरपत्रिकांत ‘बर्वे म्हणतात’ या वाक्याखालची लाल रेघ मी ओढलेली नाही.